कोहळ्यांचे तलाव आणि संकल्पन-शिक्षणाची वसाहती चौकट

आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी सिद्ध केलेला मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या खंडात ‘कोहळी’ या जातीवर एक लहानसे टिपण आहे. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे २६,००० लोकसंख्या असलेली, भंडारा व चांदा या जिल्ह्यांतील वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेली ही शेतकरी जात त्या खोऱ्यातील मोठमोठ्या तलावांची निर्माती म्हणून प्रसिद्ध आहे, असे तेथे गौरवाने नमूद केलेले आहे. भात आणि ऊस ही या तलावांवर पोसली जाणारी पिके, आणि त्यांतही ऊस हे कोहळ्यांचे विशेष आवडीचे पीक, असाही उल्लेख आहे. पुढे टिपण कुळी, लग्नविधी, अंत्यसंस्कार अशा नेहमीच्या वाटेने जाते. बांधणीच्या विद्येचा तपशील त्या मानाने फारच थोडा आढळतो.

हे टिपण वाचताना एक प्रश्न सहजच उपस्थित होतो. तलाव बांधणे ही एक विद्या आहे. जागा हेरणे, उतार ओळखणे, मातीची पारख करणे, जादा पाण्यास वाट ठेवणे आणि साठलेले पाणी शेकडो शेतांत न भांडता पोहोचविणे, एवढे सर्व तिच्यात येते. मग या विद्येची नोंद जातींच्या कोशात का झाली, आणि रचनाविद्येच्या पाठ्यपुस्तकात का झाली नाही? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा, म्हणजे १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या प्रदेशाचा, दाखला घेऊन या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

संकल्पन-शिक्षणाच्या निर्वसाहतीकरणाची चर्चा अलीकडे जगभर चालू आहे. मानवशास्त्रज्ञ असलेल्या डोरी टन्स्टॉल यांनी २०१३ च्या आपल्या निबंधात व नंतर २०२३ च्या ग्रंथात, आणि कोलंबियाचे मानवशास्त्रज्ञ आर्तुरो एस्कोबार यांनी २०१८ च्या ग्रंथात, हा प्रश्न नेटाने मांडला आहे. दोघेही मानवशास्त्राच्या अंगणातून संकल्पनाच्या घरात शिरले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परंतु ही चर्चा आपल्याकडे आयात झाली की तिचे दाखलेही आयातच होतात. वैनगंगेच्या खोऱ्यात स्वतःचा दाखला पडून असताना त्याची गरज नाही.

प्रथम तलावच पाहू. नवेगावबांध हा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी परंपरा आहे. भोवती सात टेकड्या आहेत. त्यांना सातबहिणी म्हणतात. टेकड्यांमधील मोकळ्या जागा बांध घालून बुजविल्या आणि टेकड्यांनाच भिंतीचे काम दिले, ही या रचनेची गुरुकिल्ली होय. जुन्या गॅझेटियरांत या जलाशयाचे क्षेत्र सुमारे ५ चौरस मैल दिलेले आहे. एवढ्या विस्ताराच्या मानाने मानवी बांधकाम थोडके आहे, आणि ते थोडके असावे यातच बुद्धीचा भाग आहे. या सातबहिणींच्या साहाय्याने बांध तरला अशी श्रद्धा असून खुद्द कोलू पाटील ‘कोलासूर’ या नावाने देव होऊन तलावाकाठच्या टेकडीवर बसला आहे. रचनाकाराचा देव होणे ही आजच्या विद्यार्थ्यास नवलाची गोष्ट वाटेल. परंतु ज्या समाजात नकाशावर सही करण्याची रीत नव्हती, तेथे कर्तृत्वाची नोंद ठेवण्याचा हा एक मार्ग होता, असे समजण्यास प्रत्यवाय नाही.

नवेगाव हे टोकाचे उदाहरण झाले. या प्रदेशाचे खरे वैशिष्ट्य लहान-मोठ्या तलावांच्या संख्येत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांच्या जोडीला एकट्या शेतकऱ्याच्या शेतापुरत्या बोड्या आहेत. येथे पाऊस पुष्कळ पडतो. वर्षाकाठी १३०० मिलिमीटरच्या आसपास. मग तलाव कशासाठी? तर भाताचे पीक पोटरीत असताना, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, पाऊस दगा देतो म्हणून. हस्ताचे पाणी चुकले तर चार महिन्यांचे श्रम वाया जातात. त्या दोन-तीन आठवड्यांची हमी म्हणजे हा तलाव. म्हणून तो फार खोल असण्याचे कारण नव्हते. पसरट असावा, उन्हाळ्यात पुष्कळसा आटावा, त्याच्या तळातील गाळ शेतात जावा, काठच्या उघड्या पडलेल्या ओलीत पीक घेता यावे, हेही त्याच्या रचनेतच अभिप्रेत होते. पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी सांडून जाण्याचा सलंग, नहर, बांधी आणि पाणी वाटणारा पाणकर, हे शब्द एका सलग कल्पनेचे अवयव आहेत. पाणकर हा माणूस असून तुडुम ही वस्तू आहे, असा भेद करून आपण एकास समाजशास्त्रात आणि दुसऱ्यास स्थापत्यशास्त्रात पाठवितो. मूळ रचनेत मात्र एकावाचून दुसऱ्यास अर्थ नाही.

या रचनेमागे राजसत्तेचाही एक विचार होता. कोहळ्यांचे पूर्वज चांद्याच्या गोंड राजाने काशीहून आणले, अशी दंतकथा रसेल-हिरालाल यांनी दिली आहे. दंतकथेचा ऐतिहासिक खरेपणा बाजूस ठेवला तरी चांद्याच्या गोंड राज्यात तलाव बांधणाऱ्यास जमिनीचा हक्क देण्याची पद्धत होती, हे त्या भागातील ‘तुकूम’ या भूधारणेवरून आणि त्याच नावाच्या वस्त्यांवरून दिसते. म्हणजे पाणी अडविण्याची बुद्धी कोहळ्याची, आणि त्या बुद्धीस जमिनीचे मोल देण्याची बुद्धी गोंड राज्यकर्त्यांची. आदिवासी राजवट म्हणजे रानटी राजवट, हे समीकरण ज्यांच्या मनात अद्याप शिल्लक असेल त्यांनी या एका पद्धतीचा विचार करावा.

आता नावाची गोष्ट. या तलावांना आज ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि सरकारी टिपणीत त्याचे संक्षिप्त रूप ‘मामा तलाव’ असे झाले आहे. मामाच्या गावाची आठवण करून देणारे हे नाव प्रत्यक्षात महसुली दप्तरातून आलेले आहे. १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाल्यानंतरच्या जमाबंदीत गावाच्या महसुलास जबाबदार असलेल्या पाटलास मालकी हक्क देऊन मालगुजार बनविण्यात आले. त्याबरोबर गावचा तलावही त्याच्या नावे लागला. कोहळ्याचा तलाव मालगुजारी झाला आणि मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’ झाला. ज्यांनी बांधला, ज्यांनी राखला, ज्यांनी त्यात मासे धरले, त्यांपैकी कोणाचाही या नावात उल्लेख नाही. वसाहतीची चौकट म्हणजे काय हे समजून घेण्यास याहून सोपे उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

इकडे त्याच काळात संकल्पनाचे शिक्षण कोणत्या स्वरूपात रुजत होते? मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तेथे शिकविण्यास आले. या शिक्षणाचे उगमस्थान लंडनमधील साउथ केन्सिंग्टन. वस्तू घडविण्यापूर्वी कागदावर तिचे चित्र काढावयाचे, आणि हे चित्र म्हणजे मुख्यतः अलंकरण, ही तेथील धारणा होती. ओवेन जोन्स यांचा अलंकरणाच्या व्याकरणावरील १८५६ चा ग्रंथ तिचा आधारस्तंभ होता. महाराष्ट्रातील शाळकरी मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांत आजवर ‘संकल्पचित्र’ नावाचा जो विषय सोडवीत आली आहेत, तो याच धारणेचा वारस होय. चौकोन किंवा वर्तुळ द्यावे आणि त्यात फुला-पानांची अगर भौमितिक आकारांची सुबक रचना करून रंगवावी, असा त्याचा साधारण प्रकार. मराठीत ‘डिझाइन’ला प्रतिशब्द मिळाला तो चित्र या पदाने संपणारा मिळाला, ही केवळ भाषिक योगायोगाची बाब नव्हे. ‘घडण’ हा आपल्या भाषेतला जुना शब्द हाताशी होता. घडण म्हटले की घडविणारा, घडविण्याची कृती आणि घडलेली वस्तू ही तिन्ही एकदम डोळ्यांपुढे येतात. चित्र म्हटले की कागद येतो.

कारागिराचे कौतुक या शिक्षणात नव्हते असे नाही. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात हिंदी कारागिरीची मनापासून स्तुती केली आहे. परंतु त्या स्तुतीतला कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आलेला आहे. तो विचार करीत नाही, त्याची परंपरा त्याच्याकडून विचार करवून घेते. अशा स्तुतीने कारागिराचा हात मान्य होतो आणि डोके अमान्य होते. कोहळ्यांच्या बाबतीतही हेच घडले. त्यांचे कौशल्य जातीचा गुणधर्म ठरले. विद्या ठरले नाही.

स्थापत्याच्या क्षेत्रात दुसरी शक्यता होती, हे सांगितले पाहिजे. तामिळ प्रदेशात कावेरीवरील प्राचीन बंधाऱ्याचे काम हाताळताना आर्थर कॉटन यांनी सैल वाळूत पाया कसा धरावा हे जुन्या बांधकामावरून शिकून घेतले आणि ते ऋण मोकळेपणाने मान्यही केले. इंग्रज अभियंता शिकू शकत होता. परंतु रुरकीचे १८४७ चे व पुण्याचे १८५४ चे विद्यालय ज्या व्यवस्थेसाठी माणसे तयार करीत होते, त्या व्यवस्थेस मोजणी, अंदाजपत्रक व मंजुरी यांत बसणारे ज्ञान हवे होते. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर नेमलेल्या सिंचन आयोगाच्या (१९०१-०३) विचारविनिमयातून मध्यप्रांतात सरकारी तलावांचे युग सुरू झाले. गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा, चोरखमारा, खैरबंदा हे तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतले. ते आजही उभे आहेत आणि उपयोगी आहेत. त्यांची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. मात्र एकाच तालुक्यात शेजारी शेजारी दोन विद्या नांदत असता एकीचे नकाशे झाले आणि दुसरीच्या केवळ दंतकथा राहिल्या, हा त्या काळाचा निवाडा आहे.

मग मानवशास्त्राने हे ज्ञान वाचवावे अशी अपेक्षा करावी, तर त्याचा स्वतःचा इतिहास आड येतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांविषयी जमविलेली सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केली. तीत गोंडांचे लिंगोगीत आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांत माघी पौर्णिमेस भरणाऱ्या यात्रेचा ज्या पारी कुपार लिंगोशी संबंध आहे, त्याचीच ती कथा. ही मोलाची कामगिरी होय. परंतु त्याच सुमारास, १८६६-६७ मध्ये, जबलपूरच्या प्रदर्शनात धान्य व कापड यांच्याबरोबर आदिवासी माणसेही ‘नमुने’ म्हणून आणली गेली, आणि त्यांची तपासणी करून एका समितीने अहवाल लिहिला. गीत लिहून घेणे आणि माणूस मोजून घेणे ही एकाच प्रांतातील, एकाच पिढीतील कृत्ये होत. रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथाचे मुखपृष्ठही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रसेल हे लेखक, आणि हिरालाल यांनी ‘साहाय्य’ केले, असे तेथे छापलेले आहे. कटनीच्या या विद्वानाचे पुराभिलेख व प्रांतीय इतिहास यांवरील काम ज्यांस ठाऊक आहे त्यांना हे ‘साहाय्य’ किती मोठे असावे याची कल्पना येईल. आराखडा एकाचा व हात दुसऱ्याचा, ही विभागणी कलाविद्यालयात होती तशी मानवशास्त्रातही होती. तेव्हा मानवशास्त्राच्या साहाय्याने संकल्पनाचे निर्वसाहतीकरण करावयाचे, तर औषध देणाऱ्या वैद्यासही तोच आजार होता हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले हा या विषयाचा अधिक कठीण भाग आहे. मध्यप्रदेशातील मालकी हक्क रद्द करणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अंमलात आला आणि त्यान्वये गावतलाव सरकारजमा होऊ लागले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु वाजिब-उल-अर्ज व निस्तार-पत्रक या गावदप्तरांत पाणी कोणी, केव्हा, कोणत्या हक्काने घ्यावे याच्या ज्या नोंदी होत्या, त्या महसुली कागद म्हणून जपल्या गेल्या. रचनेचा भाग म्हणून त्या कोणी वाचल्या नाहीत. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे, मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. पाणलोटाचे रान वनखात्याचे. नवेगावच्या भोवतालचे अरण्य १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांचा, गाळाची जमीन महसूल खात्याची. कोहळ्याने जे एकत्र कल्पिले होते ते पाच कचेऱ्यांत विभागले गेले. यांतील प्रत्येक कचेरी आपापले काम प्रामाणिकपणे करते असे गृहीत धरले, तरी तलाव कोणाच्याच टेबलावर सबंध येत नाही. दुरुस्ती म्हणजे पाळीवर माती आणि तळ खोल करणे, असा अर्थ रूढ झाला. पसरट तलाव हे अज्ञानाचे फळ नसून योजनेचे फळ होते, ही गोष्ट विसरली गेल्यावर असे होणे अपरिहार्य आहे. परकीय सत्ता गेल्यावरही तिची चौकट कशी टिकते, हे येथे दिसते.

याच वर्षांत देशात आधुनिक संकल्पन-शिक्षणाची स्थापना होत होती. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय संस्था आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक संकल्पन केंद्र सुरू झाले. या केंद्राचे धुरीण सुधाकर नाडकर्णी हे जे. जे.चे विद्यार्थी व पुढे जर्मनीतील उल्मच्या संकल्पन-विद्यालयात शिकलेले. म्हणजे एका व्यक्तीच्या शिक्षणात साउथ केन्सिंग्टन व उल्म ही दोन्ही तीर्थे आली. ईम्स दांपत्याने आपल्या अहवालात सर्वांत सुंदर वस्तू म्हणून साध्या लोट्याची निवड केली, आणि तो कोणा एकाने नव्हे तर अनेक पिढ्यांनी घडविला हे स्पष्ट सांगितले. ही निवड मार्मिक आहे. आमच्या मते तिला एकच मर्यादा आहे. लोटा हातात मावतो, उचलून वर्गात आणता येतो. लोट्यात पाणी कोठून येते, कोणाच्या विहिरीवरून येते आणि कोणास त्या विहिरीवर जाता येत नाही, हे प्रश्न लोट्याकडे कितीही वेळ पाहिले तरी सुचत नाहीत. तलावाकडे पाहताना ते टाळता येत नाहीत.

हे प्रश्न टाळू नयेत म्हणूनच येथे एक सावधगिरी सांगणे प्राप्त आहे. कोहळ्यांच्या विद्येचा गौरव म्हणजे मालगुजारी गावाचा गौरव नव्हे. कोलू पाटलाचा देव झाला; मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांची नावे कोणत्याही टेकडीवर नाहीत. पाण्याची पाळी जमिनीच्या मालकीप्रमाणे मिळते, आणि जमीन ज्याला नाही त्याच्या वाट्यास पाळीवरचे श्रम येतात. ज्या रानांतून पाणी येई तेथील गोंडांना त्या पाण्यात काय हिस्सा होता, तलावात जाळे टाकणाऱ्या ढिवरांचे म्हणणे पाणकर ऐकत असे काय, हे विचारल्यावाचून जुन्या रचनेचे चित्र पुरे होत नाही. परकीय चौकट काढून टाकून तेथे जातीची चौकट बसविणे यास निर्वसाहतीकरण म्हणता येणार नाही. येथेच मानवशास्त्राची खरी गरज लागते. कारण वस्तूच्या भोवतीची माणसे, त्यांची देणी-घेणी आणि त्यांचे मौन वाचण्याची पद्धत, दोषांसकट का होईना, त्याच शास्त्राने घडविली आहे.

अशा अभ्यासाने व्यवहारात काय बदलते याचे एक उदाहरण अर्जुनी मोरगाव तालुक्यातच उपलब्ध आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने तेथील ढिवर समाजाबरोबर तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम केले आहे. सरकारी दृष्टीने मासेमारीचा तलाव म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्याची जागा. पाणवनस्पती म्हणजे काढून टाकण्याची घाण. ढिवरांच्या जाणत्या माणसांचे म्हणणे निराळे होते. कोणता स्थानिक मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशास अंडी घालतो, कोणती वनस्पती खातो, कोणत्या खोलीवर राहतो, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या वनस्पती नाहीशा झाल्यामुळे मासे नाहीसे झाले हेही ठाऊक होते. त्यानुसार काठावर माजलेली बेशरम उपटण्यात आली, उन्हाळ्यात तळाची जमीन नांगरून स्थानिक पाणवनस्पतींची लावणी करण्यात आली, आणि या कामात ढिवर स्त्रिया पुढे होत्या. स्थानिक मासे परत येऊ लागले.

संकल्पनाच्या विद्यार्थ्याने या उदाहरणाकडे बारकाईने पाहावे. येथे नवी वस्तू एकही निर्माण झाली नाही. तलावाची पाळही उंच केली गेली नाही. बदलले ते एवढेच की तलावाचा तळ म्हणजे रिकामे भांडे, ही समजूत गेली आणि तो लावणी करण्याजोगे शेत आहे, असे मानले गेले. हा निर्णय शुद्ध संकल्पनाचा निर्णय आहे, आणि तो ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी कोणीही संकल्पचित्राचा पेपर दिलेला असण्याचे कारण नाही. अशा तलावाचा नकाशा काढावयाचा झाल्यास एका कागदावर तो मावणार नाही. ज्येष्ठातला आटलेला तलाव, श्रावणातला भरता तलाव, हस्ताच्या सुमारास तुडुम उघडल्यावर उतरता तलाव, आणि माघात काठाची ओल पेरलेला तलाव, असे निदान चार नकाशे लागतील. प्रत्येकावर त्या त्या महिन्यात पाण्यावर कोणाचा हक्क आहे हे लिहावे लागेल, आणि ते लिहिण्यासाठी विद्यार्थ्यास निस्तार-पत्रक वाचावे लागेल, पाळीवर बसावे लागेल, ढिवराच्या नावेतही जावे लागेल. रसेलच्या तिसऱ्या खंडातील ते टिपण त्याने बरोबर न्यावे आणि पाळीवर बसून पुन्हा वाचावे. कोणती वाक्ये अपुरी आहेत हे तेथे लगेच कळते.